जुईचा वयांक

भाग्यश्री म्हेत्रेने अकरा वर्षांत एकही लहान मूल काढलं नव्हतं, आणि म्हणूनच तिला कामाची कधी वानवा पडली नाही. पहिलीच्या पुस्तकातलं पान असो की बिस्किटाच्या पुड्यावरचं चित्र, ती बैल काढायची, पतंग काढायची, शाळेची घंटा काढायची, घंटेखाली चपलांचे बारके जोडसुद्धा काढायची. त्या चपला घालणारं मात्र चित्रात कोणी नसे. "म्हेत्रे मॅडमचं काम कधी अडकत नाही," असं पुण्याचे प्रकाशक एकमेकांना सांगत, आणि ही त्या काळातली सगळ्यात मोठी शाबासकी होती.

बाकीचे चित्रकार तरी काय वेगळं करत होते म्हणा. कोणी मुलं पाठमोरी काढी, कोणी छत्रीखाली लपवी. एका पठ्ठ्याने अख्ख्या बालवाडीची मांजरं करून टाकली आणि वर त्याबद्दल बक्षीस पटकावलं. आणखी शंभर वर्षांनी कोणी ही चित्रं चाळली तर त्याला वाटावं, या लोकांच्या पोटी पोरं जन्मलीच नव्हती.

याचं कारण पारखी. मागे एकदा यंत्राने बनवलेल्या, मुलांच्या किळसवाण्या चित्रांचा असा काही पूर आला होता की सरकारला हातपाय हलवावेच लागले. प्रत्येक टॅबमध्ये, फोनमध्ये, स्कॅनरमध्ये 'वयपारखी' नावाची आज्ञावली बसवली गेली. हेतू चांगला होता, भाग्यश्रीलाही त्याबद्दल कधी शंका आली नाही.

पारखी कपडे बघत नाही, हातातली बाहुली बघत नाही. तो हाडं मोजतो. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या बरोबर निम्म्यावर असतात. लहान मुलाचे त्याच्या खाली असतात, कारण कवटी आधी वाढून बसते आणि जबडा सगळ्यात शेवटी. मुलाचं कपाळ मोठं, नाकाचा दांडा बसका, हनुवटी आखूड. अशी साठ-सत्तर मापं घेऊन पारखी चेहऱ्याचा 'वयांक' काढतो आणि तो आकडा टॅबच्या कोपऱ्यात सारखा दिसत राहतो. अठराच्या वर हिरवा, त्याखाली पिवळा, बाराच्या खाली तांबडा. तांबडा झाला की वीस सेकंदांत पेन मरतं आणि चित्र आपोआप दिल्लीच्या पडताळणी केंद्राकडे जातं. देशभरच्या रस्त्यांवरचे कॅमेरे रोज लाखो मुलांची मापं टिपतात, त्यांच्याशी ते ताडून बघतात. कोणाशीच जुळलं नाही तर सहा महिने पेन बंद. जुळलं, म्हणजे खऱ्याखुऱ्या मुलाचं चित्र काढलं, तर दहा वर्षं बंद, आणि खटला वेगळा.

फोनच्या फोटोतही मुलांच्या तोंडावर धुकं येई. ज्यांनी मुलाची नोंद केली असेल त्यांच्याच फोटोत तोंड उमटे, आणि नोंदीला आई आणि बाप दोघांच्या सह्या लागत. भाग्यश्रीची धाकटी बहीण सारिका हिचा नवरा, मुलगी पोटात असतानाच निघून गेला होता. सही आणायची कुणाची? त्यामुळे सारिकाची जुई साडेसहा वर्षांची झाली तरी तिचा तोंड दिसणारा एकही फोटो घरात नव्हता.

त्या शनिवारी दुपारी दोन वाजता सारिका भाग्यश्रीच्या घरात शिरली ती चपला न काढताच.

"अक्का, जुई घरी आली नाही."

शनिवारी शाळा अकराला सुटे. शाळेसमोरून बिनवाहकाची निळी बस पकडायची, चौथ्या थांब्यावर उतरायचं, एवढं जुईला पाठ होतं. सारिका टॉवेलच्या कारखान्यात शिवणाच्या पाळीवर होती. ती एकला घरी पोचली तेव्हा दाराला तसंच कुलूप. शाळेत कोणी नव्हतं. थांब्यावरच्या पानवाल्याने सांगितलं, निळ्या बस आता परगावीही जायला लागल्यात, रंग एकच.

"मग चढली असेल कुठल्याही," सारिका म्हणाली. "तिला पाटी वाचता येते, पण जोडाक्षरं येत नाहीत अजून."

पोलीस ठाण्यात शेंडगे म्हणून एक बाई होत्या. त्यांनी पाणी दिलं, सगळं नीट लिहून घेतलं आणि मग विचारलं, "फोटो?"

फोटो नाही म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "बघा ताई, कॅमेरे सगळीकडे आहेत. ती जिथं असेल तिथं कुठला ना कुठला कॅमेरा तिला बघतोय. पण कुणाला शोधायचं ते त्याला सांगायला चेहरा पाहिजे. मुलाचा चेहरा नोंदीशिवाय चढवायचा तर समितीच्या तीन सह्यांची परवानगी लागते, आणि अध्यक्ष सोमवारी येणारेत."

"सोमवारी," सारिका म्हणाली.

"तुमच्यात कुणी चित्रकार आहे का? रेखाचित्र संगणकानं घेतलं तर मी आत्ता चढवते."

भाग्यश्री तिथल्या बाकावरच टॅब उघडून बसली. अर्ध्या तासात तिने चेहरा काढला. दोन वेण्या, उजव्या भुवईत कडी लागल्याची खूण, डावा कान जरा बाहेर. हात झरझर चालत होता. कोपऱ्यातला वयांक बाविसावर हिरवागार होता आणि शेवटपर्यंत हिरवाच राहिला. चित्र एका दमात चढलं. आपण थोडक्यात निसटलो, असं वाटून भाग्यश्रीने मोकळा श्वास घेतला. नंतर त्या श्वासाची तिला फार लाज वाटली.

सारिका चित्राकडे बराच वेळ बघत होती. "केस असेच आहेत," एवढंच ती म्हणाली.

मग दोघी भाग्यश्रीच्या घरी परतल्या आणि वाट बघणं सुरू झालं. शेजारची चार-पाच माणसं दुचाकी घेऊन बस थांब्यांवर हिंडत होती. पण दुसऱ्याच्या मुलाकडे निरखून बघायची सवयच आता लोकांची मोडली होती. एकटं मूल दिसलं तर माणसं नजर वळवत, उगीच कॅमेऱ्यात आपण त्याच्याजवळ दिसायला नको म्हणून. एखादी साडेसहा वर्षांची मुलगी भर गर्दीत दिवसभर रडत उभी राहिली, तरी तिला कोणी विचारेलच असं नव्हतं.

साडेचारला शेंडगे बाईंचा फोन आला. "तीन ठिकाणी जुळलं. पण ताई, जरा विचित्र आहे. एक बार्शीत भाजी विकते. एक कलबुर्गीला नर्स आहे. तिसरी पुण्यात. तिघी तिशीच्या आसपास. तुमच्या नात्यातल्या आहेत का कोणी?"

भाग्यश्रीने टॅब समोर ओढला आणि आपलंच चित्र पुन्हा पाहिलं. डोळे बरोबर निम्म्यावर होते. हनुवटी पुरती वाढलेली होती. दोन वेण्या घातलेली एक बाई तिच्याकडे बघत होती. अकरा वर्षं ती पारखीला चुकवत आली होती, आणि चुकवता चुकवता हाताला तेच वळण पडलं होतं. चित्र पास झालं म्हणजे ते मूल नव्हतं. इतकी साधी गोष्ट तिला दीड तास सुचली नव्हती, आणि या दीड तासात सगळे कॅमेरे भलत्याच बाईला शोधत बसले होते.

"माझ्यामुळं झालं," ती म्हणाली.

सारिकाने खिडकीबाहेर पाहिलं. उन्हं कलायला लागली होती.

जुई दर आठवड्याला मागे लागायची, मावशी, माझं चित्र काढ की. भाग्यश्री तिला म्हणायची, तू चुळबुळ करतेस, तुझ्यापेक्षा मांजर बरी बसते. थट्टेवारी न्यायची. कागदावर, साध्या शिसपेन्सिलीने काढायला कायद्याची आडकाठी नव्हती. पण हात बिघडेल, तोच वळसा टॅबवर उतरेल, या भीतीने तिने कागदावरही कधी मूल काढलं नव्हतं. आता तिने कागद घेतला. एक चेहरा काढला, फाडला. दुसरा काढला, फाडला. दर वेळी पोरीच्या जागी तीच तिशीची बाई येऊन बसत होती.

"सांग ना गं, कशी दिसते ती," भाग्यश्री कळवळून म्हणाली. "कपाळ केवढं? नाक कसं?"

"गोड आहे," सारिका म्हणाली, आणि तिला पुढे बोलवेना.

आईला मुलाचा चेहरा कसला सांगता येतोय. पण बोलता बोलता सारिकाचे हात हवेतच हलत होते, समोर कोणी बसलंय आणि त्याचा भांग पाडायचाय असे. भाग्यश्री ते बघत राहिली. मग उठून आत गेली आणि परातीतलं भाकरीचं पीठ, त्याला आकार टिकत नाही म्हणून, काढून ठेवलं, गव्हाची कणीक घेतली, पाणी घातलं आणि परात सारिकापुढे सरकवली.

"हे काय करालीस?"

"घट्ट मळ. आणि तिचं डोकं कर. डोळे मिटून. रोज तेल लावतेस ना, तसं."

सारिकाला वाटलं अक्काचं डोकं फिरलं. तरी तिने डोळे मिटले. आधी नुसताच गोळा झाला. मग तिचे तळवे दोन्ही बाजूंनी सरकले, अंगठे कपाळावरून खाली येऊ लागले, हळूहळू, फार हळूहळू, आणि जिथे थांबले तिथे तिने दोन खळगे केले. डावा कान चिमटीने बाहेर ओढला. हनुवटीशी बोटं आली आणि तिथेच तिला हुंदका फुटला. पण हात थांबले नाहीत.

भाग्यश्रीने शिवणाचा दोरा घेऊन मापं काढली. टाळूपासून हनुवटी, टाळूपासून खळगे.

"डोळे इतके खाली?"

"इतकेच."

"नक्की?"

"अक्का, रोज सकाळी माझी बोटं तिच्या कपाळावरून घसरत येतात. भुवया लागायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे."

दोरा हातात धरून भाग्यश्री बसली. हा चेहरा ठाण्याच्या संगणकात कधीच चढणार नव्हता, पारखी त्याला दारातच अडवणार होता. आणि अडवल्यावर तो कुठे पाठवणार होता, तेही तिला ठाऊक होतं.

तिच्या ओळखीचा इनामदार नावाचा एक चित्रकार दोन वर्षांपूर्वी पकडला गेला होता. त्याने पतंग उडवणारा मुलगा काढला, आणि तो शेजारच्या गल्लीतल्या पोराशी जुळला. त्याला आलेली नोटीस तो सगळ्यांना वाचून दाखवी. त्यात त्या पोराचा चौक होता, वेळ होती, कॅमेऱ्याने काढलेला स्वच्छ फोटो होता. "अहो, मला कुठं ठाऊक होतं पोरगं कुठं खेळतं ते," इनामदार म्हणायचा, "सरकारनंच पुरावा म्हणून कळवलं." हसता हसता त्याचे डोळे भरून येत. आता तो दुकानांच्या पाट्या हाताने रंगवत होता.

पोलिसांना सोमवारपर्यंत जे मिळणार नव्हतं, ते आरोपीला तासाभरात मिळत होतं.

भाग्यश्रीने सारिकाला हे सांगितलं तेव्हा सारिकाने टॅबवर हात ठेवला. "तुझं घर यावर चालतंय. भाऊजींची औषधं यावर चालतात."

"हात काढ."

"दुसरा काहीतरी मार्ग असेल की."

"असेल. सोमवारी."

सारिकाने हात काढला.

भाग्यश्रीला संधी एकच होती. चेहरा नुसता लहान झाला आणि जुईचा नाही झाला, तर तो कोणाशीच जुळणार नाही, किंवा दुसऱ्याच एखाद्या लेकराशी जुळेल, आणि मरायचं ते पेन मरेलच. म्हणून तिने डोळे वेगळ्या थरावर, म्हणजे नंतर हवे तेव्हा हलवता येतील असे, काढले आणि वर, मोठ्या माणसाच्या जागीच ठेवले. मग बाकीचा चेहरा कणकेच्या मापाने भरायला घेतला. टाळू उंचावली. गाल भरले. कान ओढला. हनुवटी आत घेतली. वयांक एकतीस होता, तो सत्तावीस झाला, मग बावीस. उभा जन्म ज्या आकड्यापासून ती दूर पळाली त्याच्याच मागे आता धावत होती. अठराला पिवळा पट्टा आला आणि तिचा हात सवयीने आपसूक मागे वळला, हनुवटी पुन्हा लांबवायला. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. घामाने पेन निसटत होतं.

सोळा. पंधरा. "कृपया हात आवरा," असा पारखीचा सभ्य इशारा पडद्यावर आला.

"सारिका, मागं उभी राहा. मी आता डोळे खाली घेणार. तुला वीस सेकंदं आहेत. काय चुकतंय ते सांग. रडत बसू नको."

तिने डोळ्यांचा थर पकडला आणि दोऱ्याच्या खुणेपर्यंत खाली ओढला. वयांक दहावर कोसळला, पडद्याची कड तांबडी झाली आणि सेकंदांचे आकडे उलटे धावू लागले.

"नाक," सारिका म्हणाली. "वरचा दांडा. तिला दांडाच नाही अजून."

भाग्यश्रीने तो पुसला.

"डोळ्यात अंतर. अजून. हां, बस. वरचा ओठ जरा पुढं."

चार सेकंदं राहिली होती. ओठ पुढे आला. मागून सारिकाचा आवाजच आला नाही, म्हणून भाग्यश्रीने वळून पाहिलं. सारिकाने दोन्ही हात तोंडावर घट्ट धरले होते. आणि पेन मेलं.

नोटीस यायला अडतीस मिनिटं लागली. त्या अडतीस मिनिटांत दोघी बहिणी कणकेच्या परातीशेजारी बसून राहिल्या. सारिकाने एकदाच विचारलं, "अंधार पडल्यावर कॅमेऱ्याला दिसतं का गं?" भाग्यश्री दिसतं म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

सहा वाजून दहा मिनिटांनी पडदा उजळला.

'आपण रेखाटलेले बालक वास्तविक असल्याचे आढळले आहे. सादृश्य शेकडा एक्क्याण्णव. हे कृत्य आपण (१) अनवधानाने केले (२) जाणीवपूर्वक केले.' खाली बारीक अक्षरांत खुलासा होता, इनामदारच्या नोटिशीत नसलेला नवा नियम. अनवधान निवडल्यास शिक्षा एक वर्ष, आणि सुनावणीपर्यंत, म्हणजे एकवीस दिवस, पुरावा बंद. जाणीवपूर्वक निवडल्यास शिक्षा दहा वर्षं, आणि आरोपीला पुरावा तत्काळ खुला.

सारिकाने ते वाचलं की नाही कोण जाणे. भाग्यश्रीने तिला तेवढा वेळच दिला नाही. तिने दोनावर बोट ठेवलं, अंगठ्याचा ठसा दिला, आणि पुन्हा विचारल्यावर पुन्हा दिला.

विजयपूर, बसस्थानक, फलाट चार. सायंकाळी सहा वाजून सहा मिनिटे. सोबत प्रौढ व्यक्ती नाही.

भाग्यश्रीने शेंडगे बाईंना फोन लावला आणि तो पत्ता तीनदा वाचून दाखवला. ही माहिती कुठून आली, असं त्या बाईंनी विचारलं नाही. पलीकडून त्यांचा दुसऱ्या फोनवर कानडीत भराभर बोलण्याचा आवाज येऊ लागला.

गुन्हा कबूल झाला होता, त्यामुळे यंत्र आता इमानाने एकेक नवा पुरावा जोडत होतं. सहा अकरा, फलाट चार, एकटी. सहा चौदा, फलाट चार, एकटी. तिच्याविरुद्धची प्रत्येक नोंद भाग्यश्री मोठ्याने वाचत होती आणि सारिका प्रत्येक नोंदीला मान हलवत होती. मग सहा सतराची नोंद आली. फलाट रिकामा.

"रिकामा म्हणजे?" सारिका म्हणाली. "अक्का, रिकामा म्हणजे काय?"

सहा वीस. फलाट सहा. सोबत प्रौढ व्यक्ती एक.

"मॅडम, तिच्याजवळ कोणीतरी आहे," भाग्यश्री फोनमध्ये ओरडली. "तुमचा माणूस आहे का तो?"

"आमचा माणूस अजून दारात आहे," शेंडगे बाई म्हणाल्या. "थांबा. थांबा जरा."

शेंडगे बाईंनी विजयपूरचा फोन शेजारी धरला असावा; फोनमधून बसचे भोंगे, पावलं, कोणाचं तरी कानडीतलं दरडावणं, सगळं एकदम ऐकू येत होतं. सारिका जमिनीवर बसली. तिने भाग्यश्रीचा पाय धरला होता, लहानपणी अंधाराला भिऊन धरायची तसा. किती वेळ गेला ते दोघींनाही कधी सांगता आलं नाही. मग शेंडगे बाईंचा आवाज आला, आणि तो पहिल्यांदाच सैल झाला होता.

"केळीवाली बाई होती. पोरगी रडते म्हणून केळं द्यायला घेऊन गेली. आमच्या शिपायाला बघून तीच घाबरली बिचारी. घ्या, बोला."

"मम्मी," फोनमध्ये जुई म्हणाली, "बस थांबतच नव्हती."

सारिकाने फोन हिसकावून घेतला आणि ती एकाच वेळी रागावू आणि रडू लागली. खालून शेजाऱ्यांच्या दुचाकीचा आवाज आला. कोणीतरी विजयपूरला जायला गाडी काढत होतं.

भाग्यश्री टॅबसमोर एकटीच राहिली. नोटिशीच्या शेवटी पुरावा म्हणून दोन चौकटी शेजारी शेजारी लावल्या होत्या. एकीत तिचं चित्र, दुसरीत कॅमेऱ्याने टिपलेली जुई, तोंडावर धुकं नसलेली, गाल रडून सुजलेले. भाग्यश्रीने दोन्ही निरखून पाहिल्या. चित्र चांगलं होतं, पण अचूक नव्हतं. फोटोतले डोळे आणखी थोडे खाली होते आणि हनुवटी आणखी थोडी आखूड होती. एवढं सगळं करूनही हाताने पोरगी दोन-तीन वर्षांनी मोठीच काढली होती.

ते दुरुस्त करायला तिने पेन उचललं आणि पडद्यावर टेकवलं. काहीच उमटलं नाही. कोपऱ्यात पेन पुन्हा सुरू होण्याची तारीख आली होती, दहा वर्षांनंतरची. तोवर जुई साडेसोळा वर्षांची झालेली असणार होती.